खालचं फोल्डर

डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स घाईत काहीतरी बोलून गेली असती तर मी ते विसरलोही असतो. पण तिनं घाई केली नाही. आधी काकूच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आईला हिरवा चष्मा अजून पंधरा दिवस काढू देऊ नका. अन् थेंब तुमीच घाला, दुसऱ्याच्या हाती देऊ नका." मी पस्तिशीला आलेला माणूस आहे, इंजिनिअरिंग कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, दिवसभर पोरांच्या चुका दुरुस्त करतो. तिचीही केली. म्हणालो, "आई नाही, काकू आहेत." "असं व्हय," नर्स म्हणाली, "नाकावरून वाटलं." काकू बाकड्यावर बसली होती. तिनं पदर सारखा केला, चष्मा माझ्या आवाजाच्या दिशेला वळवला आणि म्हणाली, "चला विश्वेश्वरअप्पा. तुमाला कालिजाला उशीर हुईल." झालं ते एवढंच. ऑटोत बसल्यावर ती माझ्या हाताला धरेल असं वाटलं होतं, कारण रस्ता खणून ठेवलेला होता आणि ऑटो नुसता उड्या मारत होता. तिनं समोरचा लोखंडी दांडा धरला. मी रस्ताभर तिच्या नाकाकडे चोरून बघत राहिलो आणि माझं नाक चाचपत राहिलो, आणि ऑटोवाला आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

नाक तिचंच आहे, कारण मी तिच्याच पोटचा. सहा वर्षांचा होईपर्यंत मी धर्मापुरीला तिच्या घरी होतो, माझं नाव बसवेश होतं आणि नीलाबाई माझी आई होती. बीडला थोरले चुलते मन्मथप्पा, त्यांचं भांड्यांचं दुकान झकास चालायचं, घरात पाळणा मात्र हलत नव्हता. त्यांनी मला दत्तक घेतलं. घरातल्या घरात दत्तक दिलं की लोक म्हणतात, पोरगं काय परमुलखात गेलंय का, चुलत्याकडंच तर आहे. म्हणायला काय जातं. स्वामी आले, गळ्यातल्या लिंगाचा दोरा बदलला, कानात विश्वेश्वर हे नवं नाव सांगितलं आणि मला उचलून चंद्रभागाबाईच्या ओटीत घातलं. त्या ओटीला चिंचेचा वास होता. दुकानातली तांब्याची भांडी ती घरी आणून चिंचेनं घासायची. तेव्हापासून ती माझी आई झाली आणि नीलाबाई काकू झाली, आणि आजवर मी आई म्हणतो ते चंद्रभागाबाईलाच. त्यात खोटं काही नाही. मला गोवर आला तेव्हा हीच उशाशी बसली, माझ्या फीसाठी हिनंच अप्पांशी भांडण काढलं. पण ओटीत घालण्याआधी नीलाबाईनं सगळ्यांसमोर शब्द दिला होता, या पोरावर मी तोंडानंसुद्धा हक्क सांगणार नाही. बायका असा शब्द देतात आणि पहिल्या सणालाच विसरतात. लोकही त्यांना विसरू देतात. ही विसरली नाही. त्याच दुपारी पंगत उठताना मी तिच्याकडे धावलो, तेव्हा ती दोन पावलं मागं सरली आणि सहा वर्षांच्या पोराला म्हणाली, "जेवला का तुमी?"

घरी पोचलो तर आई दारातच उभी. "काय म्हनला डाक्टर?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच, "गुरलिंगचा फोन आलता. उद्या सकाळच्या गाडीनं येतोय, दुपारी घिऊन जानार म्हनं." गुरलिंग माझा धाकटा भाऊ. मला ओटीत घातलं तेव्हा तो काकूच्या मांडीवर दूध पीत होता. आता तो भोसरीला कारखान्यात आहे, दोन खोल्या घेतल्यात, आणि काका गेल्यापासून धर्मापुरीत एकटीच राहणाऱ्या काकूला तो कायमचा तिकडे नेणार आहे. घराला कुलूप लागणार. म्हणजे दिवाळीला धर्मापुरी नाही, जत्रेला नाही, आणि डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर तिला बीडला यायचं कारणही नाही. मला हे आठवडाभर ठाऊक होतं. पण त्या नर्सनं नाकाचं काढलं आणि तेव्हापासून मी उरलेले तास मोजायला लागलो. मला काय हवं होतं ते मी सरळच सांगतो, गूढ काही नाही त्यात. मला तिला एकदा आई म्हणायचं होतं. झोपेत नाही, मनात नाही. तिला ऐकू जाईल असं, आणि तिनं 'ओ' द्यावी असं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस पस्तिशीपर्यंत थांबतो, हे सांगितलं तर वर्षाराणीसुद्धा हसेल. वर्षाराणी माझी बायको. ती पहिल्या बाळंतपणाला परळीला माहेरी गेली होती आणि रोज फोनवर विचारायची, "काकूंना थेंब घालता ना वेळेवर?"

घालत होतो. दिवसातून चार वेळा. आणि हे थेंब म्हणजे काय होतं ते फक्त मला माहीत. एवढ्या वर्षांत मी तिच्या पायांना हात लावला होता, प्रत्येक सणाला, वाकून. तिच्या तोंडाला कधीच नाही. आता तिला खाटेवर आडवं करायचं, चष्मा काढायचा, खालची पापणी बोटानं अलगद ओढायची. तिची कातडी पातळ झाली होती. केसांना अजून करडईच्या तेलाचा वास होता, आणि त्या वासासरशी माझे हात लहान व्हायचे, बाटली त्यांत मावायची नाही. थेंब गालावर जायचा. "गेला का डोळ्यात?" ती विचारायची. "नाही काकू, परत घालतो." ती कधी म्हणाली नाही, धड एक काम येत नाही का तुला. गुरलिंगला म्हणाली असती.

कॉलेजला पोचायला अकरा वाजले. बीडच्या बाहेर उघड्या माळावर एक इमारत, तिच्यापुढे चार गुलमोहर, आणि दरवर्षी नवा कोर्स. गावोगावची पोरं कॉम्प्युटर शिकली की पुण्याला लागतात, हे एकदा सगळ्यांना कळल्यापासून आमच्या लॅबमध्ये बसायला जागा नव्हती, आणि सर्व्हरच्या डिस्कवरही नव्हती. नवी डिस्क आली होती. जुन्या डिस्कवर सगळ्या पोरांची खाती होती, ती नवीवर न्यायची होती. आठवड्यानं बाहेरचे परीक्षक येणार, शेवटच्या वर्षाच्या पोरांचे प्रोजेक्ट त्यात, म्हणून सर्व्हर बंद न करता, पोरांच्या कामाला धक्का न लावता हे करायचं. आमचा सर्व्हर लिनक्सवर चालतो; लिनक्समध्ये ते जमतं, म्हणून तर लिनक्स. डिस्क नुसती खोक्यात बसवून भागत नाही, ती एखाद्या फोल्डरवर चढवावी लागते. पुस्तकात त्याला माउंट करणं म्हणतात. माझा असिस्टंट भारत 'चढवली' आणि 'उतरवली' असंच म्हणतो, आणि त्याच्या नादानं मीही म्हणायला लागलो आहे. डिस्क फोल्डरवर चढली की त्या फोल्डरच्या नावानं आत गेल्यावर ती डिस्कच दिसते. फोल्डरमध्ये आधी काही असेल तर ते खाली झाकून जातं. पुसलं जात नाही, दिसत नाही एवढंच. चढवलेली डिस्क एका फोल्डरवरून उचलून दुसऱ्यावर ठेवता येते, ते हलवणं. आणि एकच जागा दोन ठिकाणी एकदम दिसेल अशी जोडताही येते, ते बाइंड करणं. हे शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर दोन घरं काढतो, आणि दरवर्षी ठरवतो की पुढच्या वर्षी घरं काढायची नाहीत.

त्या दिवशी लॅबमध्ये सायली होती. शेवटच्या वर्षाची, लिंबागणेशहून रोज एसटीनं येणारी, पाठीची पिशवी पुढं घेऊन बसायची सवय, आणि प्रश्न विचारताना समोरच्याची काही पडलेली नाही. प्रोजेक्टांचं फोल्डर मी महिनाभरापूर्वी 'परीक्षा' नावाच्या दुसऱ्या फोल्डरवर बाइंड करून ठेवलं होतं, परीक्षकांना तिकडून बघता यावं म्हणून. तिनं दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी उघडल्या होत्या. इकडे एक ओळ लिहायची, तिकडे बघायचं, ओळ तिकडेही दिसायची. "सर," ती म्हणाली, "दोनीकडं तेच दिसतंय. मग यातली खरी कोनती अन् जोडलेली कोनती?"

"दोन्ही खऱ्या."

"पन आधीची कोनती हाय ते सिस्टिमला कळतच असंल ना."

"एकदा जोडून झालं की तिला फरक राहत नाही. आधीची उतरवली तरी दुसरी चालू राहते."

"म्हंजे आधीची असल्याचा काय फायदाच न्हाई की," ती म्हणाली आणि परत टाइप करायला लागली. उत्तर बरोबर होतं, पुस्तकातही तेच आहे, मीच तिला शिकवलं होतं. मी तिच्यामागं उभा राहून त्या दोन खिडक्यांकडे बघत राहिलो. मी कोणता, हा प्रश्न मला पूर्वी लई छळायचा. कॉलेजात असताना. मला हलवलं का जोडलं? लोकांच्या लेखी हलवलं होतं, धर्मापुरीतून उचललं आणि बीडला ठेवलं, मागं काही शिल्लक नाही. माझ्या लेखी मी दोन्हीकडे होतो. फक्त बाइंडचं असं आहे की साधं जोडलं तर आत आणखी जे जोडलेलं असतं ते येत नाही. त्याचं फोल्डर येतं, आत काही नसतं. बीडच्या घरी पहिली दोन वर्षं माझं तसंच होतं. संध्याकाळी गाई परतायच्या वेळेला मी दारात जाऊन उभा राहायचो, आणि गल्लीतून सायकली जायच्या.

"सर, ही परीक्षावाली नक्कल उडवू का?" भारत पलीकडून ओरडला. "जागा तरी हुईल थोडी."

मी वळलो. त्यानं पुसायची आज्ञा लिहून ठेवली होती, नुसतं बटण दाबायचं बाकी. त्याला वाटत होतं 'परीक्षा' म्हणजे प्रोजेक्टांची प्रत आहे, मूळ आहे तिथं सुखरूप आहे. जागा करायची तर प्रत पुसावी, कुणीही हेच म्हणेल. प्रत नव्हती ती. तिथून पुसलं असतं तर इकडूनही गेलं असतं, एकूण एक पोराचं वर्षाचं काम.

"हात काढ बे!" मी इतक्या जोरात ओरडलो की साऱ्या लॅबनं माना वर केल्या. भारतनं दोन्ही हात वर केले, पोलिसापुढं करतात तसे.

"नक्कल न्हाई ती?"

"नक्कल नाही. एकच आहे. इकडून पुसलं की तिकडूनही पुसलं जातं, कळलं का? एकच आहे!"

"कळलं सर," तो म्हणाला. "ओरडताव कावून येवढं?" त्याचं बरोबर होतं. माझे कान तापले होते. अनर्थ टळला म्हणून नाही. मी खुर्चीवर बसलो, पोरांना सांगितलं की अर्ध्या तासानं सगळ्यांनी फाइली बंद करून बाहेर जायचं, आणि मग जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर कॉपी करायला लावलं. पोरं गेली. पंखे गरागरा फिरत होते आणि खिडकीतून माळावरची झळ आत येत होती. पडद्यावर फाइलींची नावं खालून वर सरकत होती. मला करायचं काही नव्हतं.

दर दिवाळीला मी धर्मापुरीला जायचो, आईअप्पांबरोबर, पाहुणा म्हणून. ओसरीवर सतरंजी, पाण्याचा तांब्या, जेवायला पाट. गुरलिंग चुलीजवळ बसून थेट तव्यावरची भाकरी ओढायचा आणि हातावर फटका खायचा. मला ताटात भाकरी यायची, तूप घालून, आणि "अजून वाढू का तुमाला?" मला त्या फटक्याचा हेवा वाटायचा. असा हेवा की एकदा मी मुद्दाम तिच्या दुधाच्या पातेल्याला पाय लावला. दूध चुलीत गेलं, राखेचा लोट उठला. ती आली, तिनं राख बघितली, मला बघितलं. तिचा हात उठला, मी तो उठलेला पाहिला, खांद्यापर्यंत आला होता. मग ती म्हणाली, "भाजलं तर न्हाई ना तुमाला?" मी पळत जाऊन देवळाच्या जोत्यावर बसलो, दगडातल्या त्या नाचणाऱ्या बायकांखाली, आणि रडलो. आई मला शोधत आली. चंद्रभागाबाई. तिनं विचारलं, कोण बोललं तुला, आणि मी म्हणालो, कुणीच नाही. ते खरंच होतं. तिनं मला कडेवर घेतलं, मी दहा वर्षांचा घोडा, आणि घरापर्यंत नेलं. तिला दम लागला होता. दारात काकू उभी होती, तिनं आम्हांला बघितलं आणि वाट मोकळी करून दिली. कितीतरी दिवस मला वाटायचं, तिचं मन दगडाचं आहे. मग वाटायला लागलं, माझ्यावर राग आहे. मग लग्न झालं, अक्षता टाकायला ती शेवटच्या रांगेत उभी राहिली, माहेरच्या लांबच्या बाईसारखी, आणि त्यानंतर मी कारणं शोधायचं सोडलं. नुसती आस राहिली. ती जाईना.

सगळं कॉपी होऊन झालं. मी मोजणी जुळवून पाहिली आणि भारत-सायलीला बोलावलं, त्यांना हलवणं दाखवायचं कबूल केलं होतं. आधी जुनी डिस्क 'होम' नावाच्या फोल्डरवरून उचलून बाजूला ठेवायची, मग नवी 'होम'वर आणायची. दोन आज्ञा, मध्ये एक श्वास. मी पहिली दिली. जुनी डिस्क हलली. दुसरी देण्याआधी सायली म्हणाली, "थांबा सर, मंग आता होममदी काय हाय ते बघू," आणि तिनं हात लांब करून बघितलंसुद्धा. मला वाटलं होतं रिकामं दिसेल. रिकामं नव्हतं. सर्व्हर पहिल्यांदा उभा केला तेव्हाचं, डिस्क चढवायच्या आधीचं, खाली झाकून गेलेलं एक फोल्डर तिथं होतं. नवा सर्व्हर केला की चाचणीसाठी एक खातं काढावं लागतं, लोक टेस्ट लिहितात नाहीतर एक-दोन-तीन लिहितात. मी काय लिहिलं होतं ते मला आठवतही नव्हतं. पडद्यावर नाव होतं, बसव.

"ह्यो बसव कोन?" सायली म्हणाली. "आपल्यात तर कुनी न्हाई या नावाचं."

"होता एक. आधीचा."

तिनं आत पाहिलं. आपोआप येणाऱ्या दोन-चार फाइली सोडल्या तर काही नव्हतं. "रिकामंच हाय. उडवायचं का?" तिनं विचारलं आणि भारतकडे बघून हसली, भारतनं लगेच हात पाठीमागं घेतले. मी म्हणालो, नको, राहू दे, जागा खात नाही. माझा आवाज मला नीट वाटला. मग मी दुसरी आज्ञा दिली, नवी डिस्क 'होम'वर चढली, पोरांची खाती जिथल्या तिथं दिसायला लागली आणि ते नाव परत खाली गेलं. पोरं आत आली, आपापल्या जागी बसली, कुणाला काही कळलं नाही. मला मात्र एक गोष्ट कळली होती आणि ती मला बसू देईना. इतकी वर्षं मी समजत होतो की ते नाव तिनं टाकून दिलं. मी त्या नावानं स्वतःला हाक मारत होतो, कुणी बघत नसताना, आणि मला ते माहीतही नव्हतं. मग तिच्या खाली काय असेल? तिचा तर दिवसरात्रीचा शब्द होता, वरून कधी उचललाच गेला नव्हता. मी भारतला किल्ल्या दिल्या आणि चार वाजताच निघालो. आज म्हणायचंच, असं ठरवून निघालो. असं मी आयुष्यात कितीदा ठरवलं होतं ते सोडून द्या.

घरी काकू ओसरीवर खाटेवर बसली होती, शेजारी तिची पिशवी भरून तयार. दोन लुगडी, डोळ्यांची औषधं, आणि आईनं दुकानातून आणून दिलेला नवा कोरा तांब्या. मी हात धुवायला आत गेलो तर आई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी. माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"उद्या जाती ती."

"हो."

"तिकडं गेली की पुन्ना कशाला येती बीडला. डोळं झालं, काम झालं." तिनं कढई उचलली आणि परत ठेवली. "मी काय आंधळी हाय का रे? आठ दिस बघतीय. थेंब घालताना तुझा हात कसा हुतोय ते दिसतंय मला. डोळा कोरडा अन् गाल वला."

मी हात धुवायला लागलो.

"एकदा म्हन तिला."

"काय म्हणू?"

"कावून सोंग करतूस? म्हनायचंय ते म्हन." आता ती वळली. तिचे डोळे कोरडे होते, ती रडणारी बाई नव्हेच; पण ओठ घट्ट मिटलेले, दुकानात गिऱ्हाईक भाव पाडून मागतं तेव्हा मिटतात तसे. "तिनं सबूद दिलता. मी मागितला न्हवता. मनात मातर लई भ्या वाटायचं, बोलावती का, नेती का. ती कदीच चुकली न्हाई. मीच म्हनायला पायजे हुतं, अगं बोल की त्याच्यासंगं, तुझंच हाय. न्हाई म्हनले. लई वाटायचं, न्हाई म्हनले." मग लगेच, नेहमीच्या आवाजात, "मी परसात भांडी घिऊन बसते. मला काय ऐकू यायचं न्हाई तिथून."

"तुला चालंल?"

"न चालायला काय झालं? माझं काय कमी हुतंय का त्यानं?" असं म्हणून तिनं भांडी गोळा केली. उष्टी घेतली, मग घासलेलीसुद्धा घेतली, फळीवरचे पेलेही घेतले, पाटी भरून कमरेवर घेतली आणि मागच्या दारानं गेली. नळ मोठा सोडल्याचा आवाज आला. त्या क्षणी मला तिच्यामागं जावंसं वाटलं. मला ती किती आवडते हे मी तिला कधी सांगितलं नाही, गरजच पडली नव्हती. पण मी ओसरीवर आलो. पाय आपोआप तिकडे वळले.

थेंबांची वेळ झालीच होती. मी काकूला आडवं केलं, चष्मा काढला. डोळा आता निवळला होता, लाली जवळजवळ गेली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. इतक्या जवळून तिनं मला शेवटचं कधी पाहिलं असेल? तिची नजर माझ्या कपाळावरून नाकावर आली, तिथं थांबली. मी पापणी ओढली. हात हलला नाही. थेंब बरोबर डोळ्यात पडला, दुसऱ्यातही पडला, आणि ती म्हणाली, "आज बराबर पडला बघा." तिनं डोळे मिटून घेतले, डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं, आणि पापण्यांच्या कडेनं औषध कानाकडे ओघळलं. का औषधच होतं, माहीत नाही. मी ते बोटानं पुसलं. तिनं तोंड बाजूला केलं नाही. परसात नळ पडत होता. मला वाटलं, ती वाट बघते आहे. मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. तिचा हात खाटेच्या काठावर होता आणि बोटं सुंभ घट्ट धरून होती.

"आई," मी म्हणालो.

आवाज मोठाच निघाला. इतकी वर्षं आत राहिल्यावर तो हळू कसा निघणार. तिचे डोळे मिटलेलेच होते, पण तोंड उघडलं. मी बघितलं, ओठ गोल झाले, गळ्याची शीर हलली, 'ओ' तिच्या जिभेवर आलेली होती.

"ओऽऽ!" परसातून आवाज आला. नळ बंद झाला, भांडं पडलं. "आले, आले रे! काय झालं?"

काकूचे ओठ मिटले. आई धावतच आत आली, ओल्या हातांनी, कोपरापर्यंत राख, पदर खोचलेला, आणि ओसरीच्या उंबऱ्यात आल्यावर ती थांबली. आपण काय केलं ते तिच्या तेव्हा ध्यानात आलं. तिनं राखेचा हात तोंडावर नेला. मी दोघींच्या मध्ये उभा होतो, थेंबांची बाटली हातात. एकदाच म्हणायचं होतं, एकदा म्हणून झालं होतं.

काकू उठून बसली. तिनं खाटेवर चाचपून चष्मा शोधला, दोन्ही कानांवर नीट बसवला, डोक्यावरचा पदर पुढं ओढला. आवाज जरासुद्धा हलला नाही तिचा.

"अक्का," ती म्हणाली, "विश्वेश्वरअप्पा बोलवायलेत तुमाला." आणि मग माझ्याकडे वळून, "सांगा की, काय पायजे ते. आली बघा तुमची आई."

आई उंबऱ्यातच उभी होती. तिच्या कोपरांवरून राखेचं पाणी फरशीवर पडत होतं.

"पाणी," मी म्हणालो.